दगडखाणीत माणूस जखमी होतो तो कसा? सहा मीटरच्या पायरीपासून भरपाईच्या हिशोबापर्यंत

सिंहस्थ 2027 मध्ये आहे. नाशिकमध्ये रस्ते, पूल आणि घाट यांची कामे एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येक कामाला खडी लागते. ती शहराभोवतीच्या टेकड्या फोडून येते. सारूळ, राजूर बहुला, विल्होळीच्या पट्ट्यात दगडखाणी आणि दगड फोडून खडी करणारे क्रशर आहेत हे नाशिककरांना नव्याने सांगायला नको. या खाणींवर बोलणे होते ते डोंगर किती कापला, रॉयल्टी किती बुडाली आणि धूळ कुठवर आली याबद्दल. आत काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला बातमीच्या दोन ओळी येतात: ‘खाणीत दगड अंगावर पडून मजुराचा मृत्यू, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद.’

त्यातला ‘अकस्मात’ हा शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो दगड कुठून सुटणार, कधी सुटणार आणि खाली कोण उभे असणार, हे खाण कशी कापली त्यावरून आधीच ठरलेले असते.

दगडखाण ही ‘खाण’ आहे का?

खाण म्हटले की आपल्याला कोळसा आणि जमिनीखालचा बोगदा आठवतो. डोंगराच्या कुशीत उघड्यावर चालणारी खाण म्हणजे आपल्या लेखी ‘खडीचे काम’. कायद्याच्या लेखी मात्र ती खाणच आहे. 1952 च्या खाण कायद्यात बांधकामाचा दगड, खडी, मुरूम, वाळू यांच्या लहान उघड्या खाणींना बऱ्याच तरतुदींमधून सूट होती. ती मिळण्यासाठी तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागत. खोदकामाची सर्वांत उंच जागेपासून सर्वांत खोल जागेपर्यंतची खोली कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी 50 पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके अजिबात वापरली जाऊ नयेत.

तिसरी अट पुन्हा वाचा. एक सुरुंग उडाला की सूट संपली, मग कामावर चारच माणसे का असेनात. आपल्याकडचा काळा दगड सुरुंगाशिवाय क्वचितच निघतो. म्हणजे ‘आमची खाण छोटी आहे, आम्हाला खाण कायदा लागत नाही’ हे वाक्य आपल्या भागात सहसा टिकत नाही. 1952 चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत सामावला गेला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. धातूच्या आणि दगडाच्या खाणींसाठी 1961 साली केलेली तांत्रिक विनियमावली संहितेशी विसंगत नसेल तेवढी संक्रमणकाळात चालू आहे. पुढे येणारे बरेचसे आकडे तिच्यातले आहेत.

परवाना आहे, मग अडचण काय?

इथे चार वेगळी खाती आहेत आणि त्यांची कामे लोक हमखास एकत्र करतात. गौण खनिजाचा, म्हणजे दगड-मुरूम-वाळू काढण्याचा, परवाना आणि रॉयल्टी ही जिल्हाधिकारी कार्यालयाची बाब. किती ब्रास दगड काढला आणि त्याचे पैसे भरले का, एवढे ते पाहते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. स्फोटकांचा साठा आणि वाहतूक यांचे परवाने केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेकडे असतात, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. क्रशरची धूळ आणि आवाज प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. खाणीत माणूस सुरक्षित आहे का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र खाण सुरक्षा महासंचालनालयाची. त्याचे मुख्यालय धनबादला आहे आणि पश्चिम विभागाचे काम नागपुरातून चालते.

म्हणजे रॉयल्टीची पावती हातात असलेली खाण पूर्ण कायदेशीर असूनही माणसासाठी धोकादायक असू शकते. तलाठी किंवा तहसीलदार येऊन गेले याचा अर्थ कोणी भिंतीची उंची मोजली असा होत नाही. ते त्यांचे कामच नाही.

काळा दगड एवढा मजबूत, तो ढासळतो कसा?

हातात घेतलेला बेसॉल्टचा तुकडा खरोखर मजबूत असतो. खाणीची भिंत मात्र अखंड दगडाची नसते. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाला आहे. थर थंड होताना आक्रसला आणि त्यात उभ्या भेगा पडल्या. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लालसर मातकट पट्टा असतो. लाव्हाचे दोन लोट येण्याच्या मधल्या काळात खालचा दगड कुजून तो बनला. नाशिक–मुंबई रस्त्यावर कापलेल्या डोंगरात हे लाल पट्टे गाडीतूनही दिसतात.

म्हणजे भिंत ही उभ्या भेगांनी सुटे पडलेल्या ठोकळ्यांची रास आहे आणि तिच्याखाली मधूनमधून मऊ थर आहे. पाणी वरून भेगेत शिरते, लाल थरावर येऊन अडते आणि तो थर निसरडा होतो. त्याशिवाय भेगेत साठलेले पाणी ठोकळ्याला बाहेर ढकलते. हा जोर किती, ते पाहा. 6 मीटर खोल भेग पाण्याने पूर्ण भरली, तर तळाशी दाब दर चौरस मीटरला 6 टन होतो. भिंतीच्या दर एक मीटर लांबीमागे एकूण ढकल सुमारे 18 टन भरते. पाऊस ओसरल्यावर भिंत कोरडी दिसली तरी भेग आतून भरलेली असू शकते. म्हणून मोठ्या पावसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही भिंतीजवळ जाताना तेवढीच काळजी घ्यावी लागते. उपाय स्वस्त आहे. खाणीच्या वरच्या कडेपासून मागे एक चर खणून डोंगरावरचे पाणी बाजूला वळवायचे. हा चर बहुतेक ठिकाणी नसतो, कारण त्याचे पैसे कोणत्याही बिलात येत नाहीत.

पायरी म्हणजे काय आणि ती सहा मीटरचीच का?

खाणीच्या भाषेत याला बेंच म्हणतात. डोंगर एका उभ्या कड्यात न कापता गोदाघाटासारखा पायरी-पायरीने कापायचा, फक्त पायरीची उंची सहा मीटरपर्यंत. विनियमावलीनुसार कठीण दगडात एका पायरीची उंची 6 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तिची रुंदी निदान उंचीएवढी ठेवणे ही सुरक्षित रीत. वरच्या माती-मुरुमाच्या थरात नियम आणखी कडक आहे. तिथे 45 अंशांपेक्षा जास्त उभा उतार चालत नाही, किंवा 1.5 मीटरपर्यंतच्याच पायऱ्या पाडाव्या लागतात आणि त्यांची रुंदी उंचीपेक्षा कमी चालत नाही. कडेपासून 3 मीटरच्या आत झाड, सुटा दगड किंवा मलबा ठेवायचा नाही. भिंत खालून पोखरायची नाही. मोठी यंत्रे वापरणाऱ्या खाणींना वेगळी मापे मिळू शकतात, पण त्यासाठी महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते.

पायरीमुळे दोन गोष्टी साधतात. सुटलेला दगड खालच्या माणसापर्यंत पोचण्याआधी मधल्या पायरीवर अडतो. आणि तो पडतोच, तर कमी उंचीवरून पडतो. 24 मीटरच्या सरळ कड्यावरून सुटलेला दगड तळाला ताशी 78 किलोमीटर वेगाने पोचतो. 6 मीटरवरून सुटलेला पोचतो ताशी 39 ने. वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा चौथाईवर येते.

आता प्रत्यक्षात काय घडते? टेकडीच्या पायथ्याशी रस्ता असतो, टिपर तिथेच उभा राहतो, म्हणून खणायला सुरुवातही तिथूनच होते. पायथा आत आत जातो आणि वरचा भाग तसाच राहतो. काही महिन्यांत पंधरा-वीस मीटरची उभी भिंत तयार होते. तिच्या माथ्यावर मुरुमाचा सैल थर असतो आणि खाली कॉम्प्रेसरवाला सुरुंगासाठी भोक मारत असतो. खरी पद्धत याच्या बरोबर उलटी आहे. आधी माथ्यापर्यंत गाडीचा रस्ता काढायचा, माती-मुरूम काढून कडेपासून दूर टाकायचा आणि मग वरून खाली एकेक पायरी उतरायची. यात पहिला पैसा उशिरा हातात येतो. नियम मोडण्याचे खरे कारण तेवढेच आहे.

पायऱ्या सोडल्या तर दगड वाया जातो ना?

हा आक्षेप खाणमालक नेहमी घेतात आणि तो अर्धा खरा आहे. काम चालू असताना पायऱ्या मागे मागे सरकत जातात, त्यामुळे त्यांतला दगड निघतच राहतो. अडकून राहतो तो परवान्याच्या हद्दीला लागलेल्या शेवटच्या भिंतीतला. परवान्यावर मिळालेला जमिनीचा पट्टा अरुंद असेल तर हे नुकसान डोळ्यांत भरते. एक एकरात खोल खाण बसवायला गेले की पायऱ्यांना जागाच उरत नाही. मग दोष पायरीचा की एवढ्या लहान तुकड्यांत पट्टे वाटण्याचा? शेजारच्या दोन-तीन पट्ट्यांनी मधली भिंत ठेवण्याऐवजी एकत्र आराखडा केला, तर अडकणारा दगड कमी होतो. हे ठरवायचे कागदावर, पहिला सुरुंग लावण्याआधी.

लटके दगड कोण पाडतो?

प्रत्येक सुरुंगानंतर आणि प्रत्येक पावसानंतर भिंतीवर काही दगड अर्धवट सुटून लटकलेले राहतात. ते पाडल्याशिवाय खाली कोणी जाऊ नये. हे काम वरून खाली करायचे. माणूस दगडाच्या वरच्या बाजूला उभा राहतो, त्याच्या पट्ट्याचा दोर मागे पक्क्या जागी बांधलेला असतो, हातात लांब पहार असते. पहारीने ठोकल्यावर दगड खणखणीत वाजला तर तो मागच्या खडकाला धरून आहे. भद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे. पोकलेन असेल तर त्याच्या हाताने दुरून पाडणे अधिक सुरक्षित, मात्र यंत्राचा हात पोचत नाही एवढी उंच भिंत असेल तर पोकलेनचा चालकच खाली सापडतो.

आणखी एक गोष्ट, खास नाशिकची. इथल्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात आणि त्यांना जगभर गिऱ्हाईक आहे. चांगला स्फटिक दिसला की सुट्टीच्या वेळेत कोणीतरी छिन्नी घेऊन भिंतीला भिडतो. पोकळ्या जिथे जास्त, तिथेच भिंत सर्वांत कच्ची असते.

हेल्मेट दिले आहे की!

हेल्मेट हवेच. ते काय थांबवते, हे मात्र माहीत असावे. औद्योगिक हेल्मेटच्या ईएन 397 या युरोपीय मानकात 5 किलोचा ठोकळा 1 मीटर उंचीवरून हेल्मेटवर टाकून पाहतात. तोच 5 किलोचा दगड 6 मीटरवरून पडला तर आघात चाचणीच्या सहापट होतो आणि 24 मीटरवरून पडला तर चोवीसपट. हेल्मेट मुठीएवढ्या खड्यापासून वाचवते, डोके यंत्राला आपटले तर वाचवते. भिंत चुकीची कापली असेल तर तिची भरपाई ते करू शकत नाही. अपघातानंतर ‘मृताने हेल्मेट घातले नव्हते’ असे पंचनाम्यात लिहिले जाते, तेव्हा त्याच पानावर भिंतीची उंचीही लिहायला हवी.

सुरुंगाचा दगड लांब उडतो तो का?

आधी साधा क्रम. ट्रॅक्टरला जोडलेल्या कॉम्प्रेसरवर जॅकहॅमर चालतो. त्याने 32 ते 34 मिलिमीटर जाडीचे, साधारण पाच ते दहा फूट खोल भोक मारतात. त्यात स्फोटकाची कांडी आणि ती पेटवणारी टोपी, म्हणजे डेटोनेटर, उतरवतात. भोकाचा वरचा भाग माती किंवा वाळूने ठासून बंद करतात. या ठासणीला खाणीत स्टेमिंग म्हणतात.

स्फोट झाला की प्रचंड दाबाचा वायू तयार होतो आणि तो सर्वांत सोपी वाट शोधतो. भोकापासून मोकळ्या भिंतीपर्यंतचे दगडाचे अंतर योग्य असेल तर वायूचा जोर दगड फोडण्यात खर्ची पडतो. जॅकहॅमरच्या भोकाला हे अंतर ढोबळमानाने भोकाच्या व्यासाच्या 25 ते 35 पट, म्हणजे 0.8 ते 1.1 मीटर ठेवतात. ठासणीची लांबीही निदान तेवढीच हवी. अंतर कमी पडले तर दगड समोरच्या दिशेने सुटतो. ठासणी कमी पडली तर वायू भोकाच्या तोंडातून वर फुटतो आणि आजूबाजूचे दगड उडवतो. भोक लाल मातकट पट्ट्यातून किंवा उघड्या भेगेतून गेले असेल तर वायू तिथून निसटतो, आणि कुठल्या दिशेने निसटेल ते सांगता येत नाही. म्हणून भोक मारणाऱ्याने ‘इथे ड्रिल एकदम आत गेले’ किंवा ‘इथे लाल पूड आली’ हे सुरुंग भरून उडवणाऱ्या ब्लास्टरला सांगायलाच हवे. त्या जागी स्फोटक न भरता माती भरतात. हे बोलणे दोघांमध्ये होत नसेल तर बाकी सगळी काळजी लंगडी पडते.

दगड उडवणारा दुसरा प्रकार म्हणजे मोठे धोंडे फोडण्यासाठी लावलेला छोटा सुरुंग. धोंडा सगळीकडून उघडा असतो, तुकडे कुठेही जातात. आता पोकलेनला लावायचा रॉक ब्रेकर सहज भाड्याने मिळतो, त्यामुळे धोंड्याला सुरुंग लावण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

स्फोटाच्या वेळी धोक्याचा परिसर किती धरायचा? मूळ नियमात 300 मीटरचा घेर होता, आता 500 मीटर धरतात. या घेरातल्या प्रत्येक पायवाटेवर माणूस उभा हवा, फक्त डांबरी रस्त्यावर नव्हे. ब्लास्टर प्रमाणपत्रधारक हवा. टोप्या आणि कांड्या वेगवेगळ्या पेटीत ठेवायच्या. कांडी भोकात लाकडी दांड्याने सरकवायची, लोखंडी सळईने कधीही नाही. भरणी चालू असताना जवळ भोक मारायचे नाही. मे-जूनमध्ये वळवाचा गडगडाट ऐकू आला की भरणी तिथेच थांबवून सगळ्यांना बाहेर काढायचे. टोप्या विजेच्या असतील (त्यांच्यावर एप्रिल 2025 पासून बंदी आहे), तर आकाशातली वीज दूर पडली तरी तारांमधून टोपी उडू शकते.

न उडालेला सुरुंग

सुरुंगाच्या कामात सर्वांत वाईट अपघात इथे होतात. दहा भोके भरली आणि नऊच आवाज आले, तर दहावे जिवंत आहे असे धरून चालायचे. वातीने पेटवलेले असेल तर किमान अर्धा तास आणि विजेच्या टोपीचे असेल तर तारा बॅटरीपासून सोडवून किमान पाच मिनिटे कोणी जवळ जायचे नाही. आवाज मोजणे हे एका माणसाचे नेमून दिलेले काम असावे, ‘सगळ्यांनी ऐकले’ म्हणजे कोणीच मोजले नाही.

न उडालेल्या भोकातले स्फोटक कोरून, उपसून किंवा तार ओढून काढायचा प्रयत्न करायचा नाही. त्याच्या बाजूला, किमान 30 सेंटिमीटर अंतरावर, समांतर नवे भोक मारून ते उडवायचे, म्हणजे जुने त्याबरोबर फुटते. समांतर यासाठी, की तिरके गेलेले ड्रिल थेट जुन्या कांडीत शिरू शकते. उडालेल्या भोकाचा तळ कधीकधी खडकात शिल्लक राहतो आणि त्यात न जळलेले स्फोटक असू शकते. आयते खोलगट मिळाले म्हणून नवे भोक तिथेच सुरू करणे हा मोह अनेकांच्या हातापायांवर बेतला आहे. शिफ्ट बदलताना न उडालेल्या भोकाची जागा पुढच्या टोळीला लेखी आणि जागेवर नेऊन दाखवली पाहिजे.

क्रशरवर हात जातो तो कसा?

क्रशरवर सर्वांत धोक्याची जागा म्हणजे खडी वाहून नेणाऱ्या पट्ट्याची टोके, जिथे पट्टा फिरत्या पुलीवर चढतो. पट्टा सेकंदाला दीड मीटरने चालत असेल आणि अडकलेला खडा काढताना माणसाची बाही पुलीत गेली, तर त्याला कळून हात मागे ओढेपर्यंत पाऊण सेकंद जातो. तेवढ्यात पट्टा मीटरभर पुढे गेलेला असतो. इथे चपळाई उपयोगाची नाही. पुलीला जाळी हवी, पट्ट्याच्या कडेने ओढायची दोरी हवी, जी ओढताच पट्टा थांबेल. दुरुस्तीच्या आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात ठेवायची. पाटी लावली, आरडाओरड केली, पोरगा उभा केला, यांपैकी काहीही कुलपाची जागा घेत नाही.

जबड्यात, म्हणजे दगड चावणाऱ्या दोन पाट्यांमध्ये, मोठा दगड अडकतो तेव्हा मशीन बंद करूनही लगेच आत उतरायचे नसते. फ्लायव्हील, म्हणजे यंत्राचे जड चाक, फिरतच असते. दाबात अडकलेला दगड पहार लावताच उसळूनही बाहेर येतो.

टिपर आणि रस्ता

हे थोडक्यात. खाणीतल्या रस्त्याचा चढ 16 मीटरला 1 मीटरपेक्षा जास्त नसावा, छोट्या रॅम्पवर फार तर 10 ला 1. कडेला गाडीच्या सर्वांत मोठ्या चाकाच्या व्यासाएवढा मातीचा बांध हवा. रिव्हर्सचा भोंगा चालू हवा, आणि मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करणारा माणूस आरशात दिसत नसेल तर गाडी थांबली पाहिजे. टिपर वरचा डाला उचललेला ठेवून पुढे सरकतो आणि विजेच्या तारेला लागतो, हा अपघात पुन्हा पुन्हा होतो. असे झाले तर चालकाने केबिनमध्येच बसून राहायचे आणि वीज बंद करवून घ्यायची. एक पाय जमिनीवर आणि एक हात गाडीला, अशा अवस्थेत शॉक लागतो.

आपल्या दगडात सिलिका कमी, मग धुळीची भीती कशाला?

सिलिकोसिस हा फुप्फुसाचा बरा न होणारा आजार क्वार्ट्झच्या अतिबारीक धुळीने होतो. राजस्थानच्या वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असते. बेसॉल्टमध्ये ते जवळपास नसते, हे खरे आहे. पण त्याच्या भेगा-पोकळ्यांमध्ये नंतर साचलेले क्वार्ट्झ आणि अकीक असते आणि क्रशर ते वेगळे काढत नाही. शिवाय सिलिका कमी असली तरी धूळ निरुपद्रवी होत नाही. सिलिका पाच टक्क्यांच्या आत असेल तेव्हा श्वासातून खोल जाणाऱ्या धुळीची मर्यादा आठ तासांच्या सरासरीत दर घनमीटर हवेत 3 मिलिग्रॅम आहे. सिलिका त्याहून जास्त असेल तर 15 ला टक्केवारीने भागायचे. म्हणजे 10 टक्के सिलिकेला मर्यादा 1.5 मिलिग्रॅम.

डोळ्यांना दिसणारा पांढरा लोट नाका-घशात अडकतो. फुप्फुसाच्या तळाशी जाणारे कण काही मायक्रॉनचे असतात आणि ते दिसत नाहीत. तोंडाला बांधलेला रुमाल पहिली धूळ थांबवतो, दुसरी नाही. त्यासाठी एन 95 दर्जाचा मास्क लागतो आणि घामाच्या धारा लागलेल्या माणसाने तो आठ तास घालावा ही अपेक्षाही अवास्तव आहे. म्हणून धूळ जिथे उठते तिथेच मारायची. भोक मारताना ड्रिलमधून पाणी सोडायचे, जबड्यावर आणि पट्ट्याच्या प्रत्येक पडत्या टोकावर फवारे लावायचे, चाळणी झाकायची. खाण कामगाराची नोकरीवर घेताना आणि नंतर निदान दर पाच वर्षांनी छातीच्या एक्स-रेसह तपासणी मालकाच्या खर्चाने व्हायला हवी. खाणीत काम केलेल्या माणसाला खोकला आणि धाप लागली, तर डॉक्टरला कामाचा प्रकार आवर्जून सांगावा, नाहीतर वर्षानुवर्षे फक्त क्षयाचेच औषध चालते.

मजूरच ऐकत नाहीत, त्याला काय करणार?

ऐकत नाहीत हे खरे. का ऐकत नाहीत? मजुरी ब्रासवर किंवा फुटावर ठरलेली असते. लटके दगड पाडण्यात गेलेला तास, सुरुंगानंतरचा अर्धा तास, कुलूप लावून केलेली दुरुस्ती, या सगळ्या वेळेचा एक पैसा मिळत नाही. वर उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. अशा माणसाला सुरक्षेचे फलक दाखवून काही होत नाही. सुरक्षेच्या कामाचा वेगळा रोज लावला तर ऐकणे बरेच सुधारते. आणि 18 वर्षांखालील कोणालाही खाणीत काम देता येत नाही, बापाच्या हाताखाली म्हणूनही नाही.

अपघात झाल्यावर

आधी वरून आणखी काही पडणार नाही ना ते पाहायचे, मग जखमीकडे जायचे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जोराने दाबून धरायचे, 108 ला फोन करायचा. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल तर माणसाला चौघांनी सरळ फळीवर उचलायचे, टिपरच्या डाल्यात टाकून न्यायचे नाही.

मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली असेल तर सुटकेपुरते सोडून जागा हलवायची नसते. निरीक्षकाने पाहीपर्यंत, किंवा 72 तास उलटेपर्यंत, ती तशीच ठेवावी लागे अशी जुनी तरतूद होती. बोटाचे एक हाड मोडणे हीसुद्धा 1952 च्या खाण कायद्यात ‘गंभीर’ दुखापतच होती. कामावरून किती वेळ दूर राहावे लागले तर कळवायचे, ही मर्यादा जुन्या कायद्यात 72 तास होती, नव्या संहितेत 48 तास आहे.

पोलिसांत नोंद झाली म्हणजे भरपाई मिळाली असे नाही. तिचा मार्ग वेगळा आहे. कारखान्यातल्या कामगाराला लागू होणारी राज्य विमा योजना खाणीला सहसा लागू नसते, म्हणून 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचे सूत्र वापरले जाते. ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या 50 टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. 2020 च्या अधिसूचनेनुसार वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98 आहे, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, एकूण 15,59,850 रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 50 ऐवजी 60 टक्के, म्हणजे 18,71,820 रुपये.

‘त्याचीच चूक होती’ किंवा ‘तो प्यायलेला होता’ हा बचाव मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या दाव्यात चालत नाही. ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ हाही चालत नाही. मूळ मालकाकडून भरपाई घेता येते, नंतर मालकाने ठेकेदाराकडून वसूल करावी. महिनाभरात रक्कम दिली नाही तर व्याज आणि दंड लागू शकतो. जागेवर दोन-तीन लाख हातात ठेवून कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेण्याची पद्धत आहे. कुटुंबाने तो देऊ नये.

अडते ते एकाच ठिकाणी: तो माणूस त्या खाणीत कामाला होता हे दाखवायचे कसे? व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते मिळाले नसेल तर उचल दिल्याची वहीतली नोंद, फोनवरून आलेल्या मजुरीचे व्यवहार, हजेरीच्या पानाचा फोटो आणि रुग्णालयातल्या पोलीस नोंदीच्या कागदावर लिहिलेली घटनेची जागा हे उपयोगी पडते. दवाखान्यात दाखल करताना सोबतचा माणूस ‘घरी पडला’ असे लिहायला सांगू लागला, तर तिथेच हरकत घ्यावी. पुढच्या दाव्यात तो कागद सर्वांत आधी काढला जातो.